कन्सोल घेताय? आधी एक्सक्लुझिव्ह गेमचं गणित मांडून बघा

२०१८ च्या दिवाळीत मी भाच्यासाठी कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, आणला. सेकंडहँड, पण कंडिशन झकास, दोन कंट्रोलर आणि वर पाच गेम फुकट. दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळे गेम चालतात यावर, बिनधास्त न्या." घरी आणला, टीव्हीला जोडला, पोरगं समोर मांडी घालून बसलं आणि पहिलाच प्रश्न, "मामा, यात स्पायडरमॅन कुठाय?" तो स्पायडरमॅन त्याच वर्षी सप्टेंबरात आला होता, फक्त सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर, आणि मी आणलेला डबा दुसऱ्याच कंपनीचा. अर्धा तास त्याला समजावत बसलो की अरे यावर पण लय भारी गेम आहेत, पोरानं ऐकून घेतलं पण तोंड एवढंसं झालं होतं.

तेव्हापासून मी डब्याकडं आधी बघतच नाही, आधी गेमची यादी बघतो. आणि हळूहळू लक्षात आलं की कंपन्याही तसंच करतात, यादी आधी, डबा नंतर. त्या स्पायडरमॅनच्या पहिल्या तीन दिवसांत ३३ लाख कॉप्या खपल्या होत्या, म्हणजे माझ्या भाच्यासारखी पोरं जगभर होती, फक्त त्यांचे मामा जरा हुशार होते.

तर हे त्यांच्यासाठी जे पहिल्यांदा कन्सोल घेणारेत, किंवा ज्यांना नुसतंच कुतूहल आहे की एका गेममुळं कन्सोलचा खप कसा काय हलतो. पायऱ्या पाडल्यात, पण सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत, चौथीवर जरा दम लागेल.

पायरी १: कुणी एक्सक्लुझिव्ह म्हटलं की विचारा, कुठल्या जातीचा?

एक्सक्लुझिव्ह म्हणजे जो गेम एकाच कंपनीच्या मशीनवर मिळतो तो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण यात पण प्रकार आहेत आणि सगळा घोळ इथंच होतो.

पहिला प्रकार घरचा. कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या स्टुडिओनं बनवलेला, जसा निन्टेंडोचा मारिओ आणि झेल्डा, सोनीचा गॉड ऑफ वॉर. हे गेम दुसरीकडं जायचे की नाही हे मालक ठरवणार, त्यामुळं हे सगळ्यात भरवशाचे.

दुसरा प्रकार भाड्याचा, म्हणजे टाइम्ड एक्सक्लुझिव्ह. गेम बनवणारा तिसराच असतो, कन्सोलवाली कंपनी त्याला पैसे देते आणि म्हणते की एवढे महिने दुसऱ्याला देऊ नकोस. राइज ऑफ द टूम रेडर नोव्हेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आला, पीसीवर दोन-तीन महिन्यांत पोचला आणि प्लेस्टेशनवर ऑक्टोबर २०१६ ला. म्हणजे एक वर्ष थांबलं की झालं. मजा म्हणजे तो ज्या दिवशी आला त्याच दिवशी फॉलआउट ४ पण आला, मग कोण विचारतंय टूम रेडरला. फायनल फँटसी १६ चं पण असंच, जून २०२३ ला प्लेस्टेशन ५ वर आणि सप्टेंबर २०२४ ला पीसीवर.

तिसरा प्रकार दत्तक घेतल्यासारखा. गेम दुसऱ्या स्टुडिओचा पण पैसा कन्सोलवाल्यानं घातलेला, तो नसता तर गेम झालाच नसता. बेयोनेटा २ असा निन्टेंडोच्या पैशावर झाला.

आणि चौथा प्रकार नुसता जाहिरातीचा, कन्सोल एक्सक्लुझिव्ह. याचा अर्थ दुसऱ्या कन्सोलवर नाही, पण पीसीवर बिनधास्त मिळतो. स्टारफील्ड सप्टेंबर २०२३ ला आला तो एक्सबॉक्स आणि पीसी दोन्हीवर. घरात बरा पीसी असेल तर अशा गेमसाठी कन्सोल घेणं म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागवण्यासारखं आहे.

पायरी २: कंपनी एवढा आटापिटा का करते ते समजून घ्या

लग्नाचा हॉल घेताना बघितलंय ना, हॉलचं भाडं कमी सांगतात पण अट असते, केटरर आमचाच, डेकोरेशन आमचंच. कन्सोलचा धंदा तोच आहे. मशीनवर कंपनीला फार काही सुटत नाही, कधी तर घाट्यात विकतात. प्लेस्टेशन ३ २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, लोकांनी भाव ऐकून डोक्याला हात लावला, आणि तरी त्या किमतीला सोनीचं नुकसानच होत होतं.

पैसा येतो नंतर. त्या मशीनवर तुम्ही जो डिजिटल गेम घेता, कुणाचाही असू दे, त्यातले साधारण ३० टक्के कन्सोलवाल्याला जातात. वर ऑनलाइन खेळायचं महिन्याचं सबस्क्रिप्शन वेगळं. म्हणजे एक्सक्लुझिव्ह गेम हा हॉलचा गेट आहे, त्यावर लायटिंग केलेली असते, एकदा माणूस आत आला की पुढची सहा-सात वर्षं तो जेवणार तिथंच.

म्हणून तर एकेका गेमवर वेड्यासारखा खर्च होतो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेत होती, त्या सौद्यावर अमेरिकेत कोर्टात केस चालू होती, तिथं सोनीच्या कागदावरचे आकडे कुणीतरी काळ्या मार्करनं खोडले होते पण स्कॅन केल्यावर ते सरळ वाचता येत होते, आणि जगाला कळलं की द लास्ट ऑफ अस भाग २ ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि होरायझन फॉरबिडन वेस्टला २१ कोटी २० लाख. एक मार्कर पेन धड नव्हतं म्हणून आपल्याला हे माहीत आहे.

पायरी ३: जुने दोन-तीन किस्से माहीत करून घ्या, सगळा धंदा त्यातच कळतो

माझा आवडता किस्सा फायनल फँटसी ७ चा. पहिले सहा भाग निन्टेंडोच्या मशीनवर आलेले, तो बनवणारी स्क्वेअर कंपनी म्हणजे निन्टेंडोच्या घरची असल्यासारखीच. मग निन्टेंडोनं ठरवलं की नवीन निन्टेंडो ६४ मध्ये सीडी नाही, कार्ट्रिजच राहणार. कार्ट्रिजमध्ये जास्तीत जास्त ६४ एमबी बसायचं आणि सुरुवातीचे तर ८ एमबीचे असायचे, आणि एका सीडीत साडेसहाशे एमबी. स्क्वेअरला गेममध्ये मोठमोठे व्हिडिओ घालायचे होते. ते सरळ उठले आणि सोनीकडं गेले, जानेवारी १९९७ ला जपानमध्ये गेम आला तो तीन सीडींवर. आता बघा, हा निर्णय काही सोनीनं पैशाची थैली पुढं केली म्हणून सुरू झाला नव्हता, तो सुरू झाला मशीनच्या आतल्या एका भागावरून. शेवटी पहिला प्लेस्टेशन १० कोटींच्या वर गेला आणि निन्टेंडो ६४ ३ कोटी २९ लाखांवर थांबला. सगळं श्रेय एका गेमला देता येणार नाही, पण स्क्वेअर गेली म्हणजे बाकीचे पण गेले, हे जास्त महत्त्वाचं. मोठा गेम कुठं जातो ते बघून इतर स्टुडिओ ठरवतात.

दुसरा किस्सा जीटीएचा, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटोचा. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्ट पहिला एक्सबॉक्स घेऊन येणार होती आणि सोनीला धाकधूक होती, म्हणून त्यांनी पुढच्या जीटीएंवर काही काळासाठी करार करून ठेवला. गंमत म्हणजे तोपर्यंत जीटीए हा वरून दिसणाऱ्या छोट्या गाड्यांचा गेम होता, त्याचं पुढं काय होणार हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. ऑक्टोबर २००१ ला जीटीए ३ आला आणि एका रात्रीत सगळं बदललं. एक्सबॉक्सवाल्यांना तो आणि त्याच्या पुढचा जीटीए वाइस सिटी मिळायला २००३ चं वर्ष संपत आलं. तोवर ज्याला टीव्हीवर जीटीए खेळायचा होता त्यानं प्लेस्टेशन २ घेऊन टाकला होता. आपल्याकडं मात्र वाइस सिटी म्हणजे सायबर कॅफेतला पीसी, की-बोर्डवरचे घासून गेलेले ॲरो आणि मागं नंबर लावून उभी असलेली पोरं, त्या कराराचा आपल्याशी काय संबंध.

आणि हेलो. तोच एक्सबॉक्स नोव्हेंबर २००१ ला आला तेव्हा त्याच्याबरोबर हेलो होता. हा गेम १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं ॲपलच्या स्टेजवर मॅकसाठी दाखवला होता, मायक्रोसॉफ्टनं २००० मध्ये तो बनवणारा अख्खा बंजी स्टुडिओच विकत घेतला. हेलोनं एक्सबॉक्सला जिंकून दिलं असं लोक म्हणतात ते खरं नाही, तो एक्सबॉक्स २ कोटी ४० लाखांच्या आसपास खपला आणि प्लेस्टेशन २ १६ कोटींच्या वर. हेलोनं केलं काय, तर नवीन माणसाला बाजारात उभं राहायला जागा करून दिली. पुढचा एक्सबॉक्स ३६० त्या जागेवर उभा राहून ८ कोटींच्या वर गेला. एक्सक्लुझिव्हचा परिणाम कधी कधी पुढच्या मशीनच्या खात्यात जमा होतो.

पायरी ४: आकडे वाचायला शिका, आणि फसू नका

इथं जरा कागद-पेन घ्या.

पहिला आकडा अटॅच रेट. सोपंय, गेमच्या कॉप्या भागिले कन्सोलची संख्या. शंभरातल्या किती घरांनी हा गेम घेतला ते कळतं. उदाहरण घ्या वी यू चं, निन्टेंडोचा पडलेला कन्सोल. तो एकूण १ कोटी ३५ लाख ६० हजार खपला आणि त्यावरचा मारिओ कार्ट ८ खपला ८४ लाख ६० हजार. भागाकार करा, ६२ टक्के येतो. म्हणजे दर पाचातल्या तीन घरात तो गेम होता.

याहून येडा आकडा मार्च २०१७ चा. निन्टेंडो स्विच नुकताच आला होता, त्याच दिवशी झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड. अमेरिकेत त्या महिन्यात स्विच खपले ९ लाख ६ हजार, आणि स्विचवरचा झेल्डा खपला ९ लाख २५ हजारांच्या वर. कन्सोलपेक्षा गेम जास्त! निन्टेंडोचा अंदाज होता की काही लोकांनी एक स्पेशल एडिशन कपाटात ठेवायला आणि एक खेळायला घेतली असणार. असा आकडा दिसला की समजायचं, लोक मशीन घेत नाहीयेत, गेम घेतायत आणि मशीन त्याची पिशवी आहे.

आता फसायच्या जागा.

एक, बंडल, म्हणजे कन्सोलबरोबर डब्यातच येणारा गेम. वी स्पोर्ट्सच्या ८ कोटी २९ लाख कॉप्या खपल्या असं वाचलं की छाती दडपते, पण जपान आणि एखाददुसरा देश सोडला तर तो गेम वी या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलच्या डब्यातच यायचा. तो विकला गेला नाही, तो आला. स्विच २ जून २०२५ मध्ये आला, सप्टेंबरअखेर १ कोटी ३ लाखांच्या वर गेला आणि मारिओ कार्ट वर्ल्ड ९५ लाखांच्या वर, म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त. जबरदस्त दिसतं, पण तिथं पण बंडल होतं, आणि नवीन मशीन आल्याआल्या दुसरे गेम तरी किती असणार. तरी पण लक्षात घ्या, फुकट दिलेला गेम पण कन्सोल विकू शकतो. वी स्पोर्ट्समध्ये रिमोट हातात धरून आजीबाई पण बॉलिंग खेळायच्या, तो व्हिडिओ बघून शेजारच्यानं वी घेतला, हाच तर परिणाम.

दोन, दुकानात पोचलेला माल आणि घरी पोचलेला माल. कंपन्या बहुतेक वेळा आपण दुकानांना किती पाठवले तो आकडा देतात. शेल्फवर धूळ खात पडलेला डबा पण त्यात मोजलेला असतो. पडणाऱ्या कन्सोलच्या बाबतीत हा फरक जास्त जाणवतो.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, भाव. गेम आला आणि खप वाढला म्हणून गेममुळंच वाढला असं नसतं. प्लेस्टेशन ३ चं बघा, सप्टेंबर २००९ ला बारीक झालेलं स्लिम मॉडेल आलं २९९ डॉलरला, आणि पुढच्याच महिन्यात अनचार्टेड २ आला, ज्याचं लोक आजपण नाव काढतात. खप उसळला. कुणामुळं? मला विचाराल तर आधी भावामुळं. ५९९ चा डबा निम्म्या भावात मिळायला लागल्यावर लोकांना अनचार्टेड आठवला. निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल ३डीएस पण तसाच, फेब्रुवारी २०११ ला २५ हजार येनला आला, कुणी घेईना, ऑगस्टमध्ये १५ हजार येन केला, मग नोव्हेंबर-डिसेंबरात सुपर मारिओ आणि मारिओ कार्ट आले आणि गाडी सुटली. तिथं दोन्ही लागले. नुसता भाव उतरवून खेळायला काही नसतं तर लोक म्हणाले असते, स्वस्तात घेऊन करू काय. म्हणून गेम कधी आला ती तारीख लिहिताना शेजारी भाव कधी उतरला ती पण लिहा.

आकडे मिळतात कुठं? निन्टेंडो दर तिमाहीला कन्सोलचे आणि टॉप दहा गेमचे आकडे स्वतःच्या साइटवर टाकते, एकदम टापटीप. सोनी कन्सोलचे आकडे देते, गेमचे मनाला येईल तेव्हा. मायक्रोसॉफ्टनं २०१५ पासून किती एक्सबॉक्स विकले हे सांगणंच बंद केलंय, त्यामुळं कुणी छातीठोकपणे ताजा आकडा सांगितला तर तो अंदाज आहे असं धरून चाला. आणि ज्यानं आकडे लपवले त्याचे आकडे कसे असतील हे दहावीच्या रिझल्टच्या दिवशी आपण सगळ्यांनी शिकलेलं आहे.

पायरी ५: चांगला गेम असून कन्सोल का पडतो ते पण बघा

वी यू वर परत येऊ. मारिओ कार्ट ८ होता, बेयोनेटा २ होता, समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता, तरी कन्सोल १ कोटी ३५ लाखांवर मेला. लोकांना नावावरून वाटायचं की हा जुन्या वी चाच काहीतरी जोड आहे. बाहेरच्या मोठ्या कंपन्या सोडून गेल्या. मग तोच मारिओ कार्ट ८ थोडा नटवून एप्रिल २०१७ ला स्विचवर आणला आणि तिथं तो साडेसहा कोटींच्या वर गेला. गेम तोच, ट्रॅक तेच, मशीन वेगळं. म्हणजे एक्सक्लुझिव्ह ही ठिणगी आहे, लाकूड ओलं असेल तर ती काय करणार.

सोनीच्या हातात धरून खेळायच्या प्लेस्टेशन व्हिटाचं उलटं झालं. त्याच्या आधीच्या पीएसपीला जपानमध्ये बाहेरच्या कंपनीच्या मॉन्स्टर हंटर या गेमनं तारलं होतं, पोरं चार-चारच्या टोळक्यानं शेजारी बसून खेळायची. ती मालिका व्हिटाच्या वेळी ३डीएसकडं गेली. ३डीएसचं नशीब फिरायला किंमत आणि मारिओबरोबर हे पण कारण होतं, आणि व्हिटा जपानमध्येसुद्धा उभा राहू शकला नाही. परक्याच्या गेमवर कन्सोल चालवला की असं होतं, भाडेकरू उठून गेला की घर रिकामं.

आणि आजच्या काळातलं कारण म्हणजे लायब्ररी. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला ३९९ डॉलरला आणि एक्सबॉक्स वन किनेक्ट नावाच्या कॅमेऱ्यासकट ४९९ ला, लोक सोनीकडं गेले. त्याच पिढीत लोकांनी डिजिटल गेम घ्यायला सुरुवात केली. आता ज्याच्या अकाउंटवर पन्नास गेम, सगळे मित्र, सगळ्या ट्रॉफ्या एकीकडं जमल्यात तो दुसरीकडं कशाला जाईल? एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर २०२३ मध्ये उघड बोलले की स्टारफील्डला दहापैकी अकरा मार्क पडले तरी लोक आपला प्लेस्टेशन ५ विकून आमच्याकडं येणार नाहीत, आणि ती नेमकी डिजिटलची पिढी आम्ही हरलो हे सगळ्यात वाईट झालं. स्वतःच्या तोंडानं एवढं खरं बोलणारा बॉस कमीच. जुन्या काळी सीडी विकून पक्ष बदलता यायचा, आता बदलायचा तर सगळा संसार मागं टाकून जावं लागतं. म्हणून नवीन एक्सक्लुझिव्हचा जोर पहिल्यांदा कन्सोल घेणाऱ्यावर जास्त चालतो, म्हणजे तुमच्यावर.

पायरी ६: भिंती कुठं पडल्यात ते तपासा

हे भराभर सांगतो कारण दर सहा महिन्यांनी बदलतंय.

मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चार गेम दुसऱ्यांना द्यायचं जाहीर केलं आणि मग धरणाचा दरवाजाच उघडला, फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ ला प्लेस्टेशनवर आला, गिअर्स ऑफ वॉर त्याच ऑगस्टमध्ये, आणि हेलो पण प्लेस्टेशनवर आणायचं जाहीर केलं. २००१ मध्ये हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

सोनीनं आपले बरेच गेम पीसीवर आणले पण उशिरा. गॉड ऑफ वॉरला एप्रिल २०१८ ते जानेवारी २०२२ एवढी वाट बघायला लागली, स्पायडरमॅन २ मात्र ऑक्टोबर २०२३ चा, जानेवारी २०२५ ला पीसीवर. हेलडायव्हर्स २ तर पहिल्याच दिवशी पीसीवर आणि ऑगस्ट २०२५ ला चक्क एक्सबॉक्सवर. ऑनलाइन टोळीनं खेळायच्या गेमला माणसं जास्त लागतात, तिथं भिंत बांधली की आपलंच मैदान ओस पडतं.

निन्टेंडो मात्र हलत नाही. मारिओ खेळायचा तर निन्टेंडोचं मशीन, विषय संपला. आणि जुन्या गेमचे भाव पण उतरवत नाहीत, तीन-चार वर्षांचा गेम नव्याच्या भावात विकतात आणि लोक घेतात. राग येतो पण मानलं पाहिजे.

पायरी ७: आता स्वतःच्या खिशाचं गणित

एक कागद घ्या आणि तुम्हाला खरंच खेळायचेत ते गेम लिहा. यूट्यूबवर बघून आवडलेले नाही, स्वतः बसून खेळणार ते. मग प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहा: मालक कोण, पीसीवर आहे का, टाइम्ड आहे का. ज्यापुढं टाइम्ड किंवा पीसी आलं ते खोडा, पीसी असेल तर. फुटबॉल, कॉल ऑफ ड्यूटी, फोर्टनाइट, जीटीए हे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हीवर असतात, ते एक्सक्लुझिव्हच्या यादीत धरू नका, पण तुमचे मित्र ते कशावर खेळतात हे बाजूला लिहून ठेवा. फोर्टनाइटसारख्यात आता वेगवेगळ्या कन्सोलवाले एकत्र खेळू शकतात, सगळ्यात नाही.

उरलेल्या नावांनी कन्सोलच्या किमतीला भागा. समजा कन्सोल ५५ हजाराला पडतोय आणि यादीत खरे एक्सक्लुझिव्ह उरले तीन, तर एका गेममागं अठरा हजार तीनशे, वर गेमची किंमत वेगळी, नवीन मोठा गेम आपल्याकडं पाच हजाराच्या आसपास जातो. हा आकडा बघून पोटात गोळा आला तर एक वर्ष थांबा. दहा नावं उरली तर साडेपाच हजार, मग घेऊन टाका, बायकोला पण हाच हिशोब दाखवा.

आपल्याकडच्या दोन-तीन खास गोष्टी. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही, जे मिळतं ते आयात केलेलं, त्यामुळं भाव दुकानागणिक वेगळा आणि वॉरंटीचं दुकानदाराच्या शब्दावर. यावरून एक गंमत आठवली, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी राजी नावाचा गेम बनवला, आपल्या पुराणातल्या गोष्टींवर, देवळं, झरोके, सगळं आपलं. तो ऑगस्ट २०२० ला सगळ्यात आधी आला कुठं, तर निन्टेंडो स्विचवर, टाइम्ड एक्सक्लुझिव्ह. म्हणजे पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या माणसाला खेळायचा तर आधी इम्पोर्टवाला गाठायचा, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत थांबायचं, तेव्हा तो पीसी आणि बाकी कन्सोलवर आला. छोट्या स्टुडिओला अशा वेळी मोठ्या दुकानाच्या काचेत जागा मिळते, त्यांचं चुकलं असं अजिबात म्हणत नाही, पण हसू तर येतंच.

दुसरं, डिस्क ड्राइव्हवालं मॉडेल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. एक्सक्लुझिव्ह गेमची डिस्क खेळून झाली की विकता येते, अदलाबदल करता येते, आमच्या ग्रुपवर एक डिस्क सहा घरं फिरून आली होती आणि परत आली तेव्हा तिच्या डबीत कुणाचं तरी लोकलचं तिकीट होतं. डिजिटल गेमचं असं काही होत नाही.

तिसरं, सेकंडहँड घेताना दुकानदाराला "सगळे गेम चालतात का" असं कधीच विचारू नका. यादी दाखवा आणि एकेक नावावर बोट ठेवून विचारा.

गेल्या महिन्यात भाचा परत आला, आता कॉलेजला आहे, मिशी फुटलीय, वहीच्या मागच्या पानावर पाच नावं लिहून आणली होती. आम्ही दोघं बसून खोडत गेलो. दोन सगळीकडं मिळणारे निघाले, एक टाइम्ड, एक त्याला आता खेळावासा वाटत नव्हता. उरला एक, स्पायडरमॅन २. मी म्हटलं, अरे हा तर पीसीवर पण आलाय, कशाला पंचावन्न हजार घालवतोस. त्यानं माझ्या टेबलाखालच्या जुन्या कॅबिनेटकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "मामा, यात ग्राफिक्स कार्ड कुठाय?"